चौदा शिट्ट्या

चौदा शिट्ट्या झाल्या तरी विहिरीच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ टणकच राहिली. अक्काबाईंनी सुनेपुढं ताट आदळलं. "लासुर्ण्याला हिच्या भावाला सांगावा धाडा. रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं. पोरीच्या हातालाच गुण न्हाय!"

"आत्या, पाणी जड हाय," ज्योत्स्ना म्हणाली. "साबणाला फेस न्हाय, कुकरात पांढरा थर बसलाय. कॅनॉलचं एक कळशी जरी आणलं तरी..."

"आमची हयात गेली ह्या पाण्यावर," सासरे साहेबराव गरजले. "तू काय राणी लागून गेलीस?"

त्याच आठवड्यात जर्सी गाईचं दूध दोन लिटरनं उतरलं. जनावरांच्या डॉक्टरनं पाण्याला नावं ठेवली. दुसऱ्याच दिवशी ज्योत्स्नाच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, बैलगाडीतून कॅनॉलच्या गोड्या पाण्याचं पिंप आणून गोठ्यापुढं उभं केलं. ज्योत्स्ना बघत राहिली. तिचं डोकं असं तापलं की चुलीची गरज नव्हती.

शनिवारी डाळ चार शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. साहेबरावांनी दोनदा वाढून घेतली. अक्काबाई बोटं चाटत म्हणाल्या, "आता कसं! राहू दे, भावाला येऊ नको म्हणून कळवू. पण आजच कसं जमलं गं?"

"येऊ द्या त्याला, मीच जाणार हाय," ज्योत्स्ना पदर खोचत म्हणाली. "आन् डाळ व्हय? गाईनं पिऊन बादलीत जे उष्टं ठेवलं हुतं, त्यात शिजवली."