टॉवेल कुणी टाकायचा

जबड्यावर ठोसा बसला आणि जावयाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले असावेत, कारण तो समोरच्याला सोडून पंचांवरच धावून गेला. लोक खो खो हसले. पंचांनी त्याला दंडाला धरून वळवलं आणि योग्य माणसासमोर उभं केलं. त्या योग्य माणसानं पुढच्याच ठोशात त्याचं नाक फोडलं.

कोपऱ्यात मास्तर उभे होते. खांद्यावर पांढरा टॉवेल, चेहरा मख्ख. रिंगमध्ये मार खाणारा हा त्यांचा आधी चेला, मग जावई. बॉक्सिंगचे हातमोजे त्याच्या हातात पहिल्यांदा त्यांनीच चढवले होते.

"मास्तर, टाका आता टॉवेल," बादली धरून उभा असलेला मदतनीस म्हणाला. "मरेल तो."

"उभा आहे ना अजून? मग झालं."

टॉवेलविषयी मास्तरांना शिकवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते मुठी आवळायच्या आधी टॉवेल शिकवायचे. "शब्द इंग्रजी आहे, मुळात धुण्यावरून आलेला," ते सांगायचे. "घरी तुम्ही यानं अंग पुसता, केस पुसता, आईचं लक्ष नसलं तर सांडलेला चहासुद्धा पुसता. इथे यानं रक्त पुसायचं. पूर्वी याच्या जागी स्पंज असायचा. आपल्या माणसाला आता सोसत नाही असं दिसलं की कोपऱ्यातला माणूस तो स्पंज रिंगमध्ये भिरकावून द्यायचा. पुसायचं साधनच फेकलं, म्हणजे आणखी रक्त सांडायचं नाही. स्पंज गेला, टॉवेल आला, अर्थ तोच राहिला. आणि लक्षात ठेवा, लढणारा स्वतः थांबत नाही. मस्ती थांबू देत नाही त्याला. म्हणून टॉवेल टाकणारा दुसराच लागतो, आणि त्याचा जीव लागतो लढणाऱ्यावर."

एवढं सांगणारा माणूस आज हाताची घडी घालून बघत राहिला होता.

महिन्यापूर्वी त्यांची मुलगी माहेरी आली होती. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. एक्स-रेमध्ये दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. आई मलम लावत असताना मास्तर दारात आले, त्यांनी तो काळानिळा डाग पाहिला आणि तसेच मागे फिरले. घसरलेला माणूस कमरेवर पडतो, कोपरावर पडतो. उजव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांवर, नेमका मुठीएवढा डाग एकाच फटक्यानं उठतो. डावा हात, खालून वर, खांदा झोकून. श्वास कोंडतो, माणूस दुमडून खाली बसतो, आणि चेहऱ्यावर ओरखडाही दिसत नाही. हा फटका जावयाचा हातखंडा होता. तो त्याच्याकडून घोटवून घेतला होता मास्तरांनीच.

घरात ते मूग गिळून बसले. बाहेर मात्र त्यांनी ही लढत जुळवली. ज्याच्या वाऱ्यालाही जावयानं उभं राहू नये, असा गडी त्यांनी शोधून काढला.

घंटा झाली. जावई येऊन स्टूलवर कोसळला. एक डोळा पार मिटला होता. मास्तरांनी टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं, अगदी हळुवारपणे. टॉवेल लाल झाला.

"मास्तर... बास. टाका ना."

"श्वास येत नाहीये?"

त्यानं मान हलवली.

मास्तर त्याच्या कानाशी वाकले. "तिलाही येत नव्हता. तिच्या कोपऱ्यात कोण होतं रे?"

जावयाचा उघडा डोळा त्यांच्यावर खिळला. त्यात भीती होती. मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. स्टूलवरून न उठायची सोय जावयाला होती, पण पहिल्या रांगेत त्याचे यारदोस्त शिट्ट्या मारत बसले होते. घंटा वाजली. मास्तरांनी बगलेत हात घालून त्याला उभं केलं आणि पुढे ढकललं.

आता तो लढतच नव्हता, दोरांना टेकून मार खात होता. एक ठोसा कानावर. एक गळ्याखाली. मग पोटात असा बसला की तो गुडघ्यावर आला आणि त्यानं रक्ताची गुळणी टाकली. पंच आकडे मोजू लागले. जावई दोर धरून उठला. पंचांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी हातानंच खूण केली, चालू द्या.

तेव्हा प्रेक्षकांत बसलेली मास्तरांची मुलगी खुर्चीवरून उठली. एक हात बरगड्यांवर दाबून ती सावकाश कोपऱ्यापर्यंत आली.

"ये," मास्तर म्हणाले. "डोळे भरून बघ."

तिनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोरांवरून आत फेकला. पंचांनी दोन्ही हात हलवून लढत थांबवली. जावई होता तिथेच आडवा झाला आणि डॉक्टर आत धावले. पहिल्या रांगेतल्या शिट्ट्या बंद पडल्या.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, कुणासाठी करत होतो मी हे? त्या जनावराची कीव येते तुला अजून?"

"नाही. त्याच्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही."

"मग टॉवेल का टाकलास त्याच्यासाठी?"

तिनं त्यांच्या आवळलेल्या मुठींकडे बघितलं.

"त्याच्यासाठी नाही टाकला, बाबा. मला आता तुमच्या घरी राहायचंय, आणि मारणाऱ्या माणसाच्या घरात मी पुन्हा राहणार नाही."