सशाची रेघ

"आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही," मैदान राखणारे माळीकाका म्हणाले आणि रोलरच्या दांड्यावर रेलले.

एरवी जाळीमागे बसून घसा फोडणारी मंडळी आज गोलसमोर गप्प उभी होती. बेकरीवाला, नर्सबाई, वायरमन आणि त्याची बायको. मधोमध गवतात वीतभर रेघ होती, टाचेने घासलेली. दोन खांबांचा मध्य कळावा म्हणून त्यांच्या संघाची गोलकीपर पोरगी दर सामन्याआधी ती घासायची. दीड महिन्यापूर्वी कॅन्सरने तिला नेलं. एकोणीस वर्षांची होती. मंडळींनी रेघेभोवती दोरी बांधली होती, फुलं ठेवली होती. आता अर्ध्या तासात त्यानंतरचा पहिला सामना, आणि दोरी सोडायला कोणाचा हात उचलला जात नव्हता.

तिची धाकटी बहीण आजची गोलकीपर. हातमोजे काखेत मारून खांबाला टेकली होती. "त्या रेघेवर मी पाय देणार नाही," एवढंच ती सकाळपासून तीनदा बोलली होती.

काकांनी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

"ही रेघ तिची नाहीच मुळी. सशाची आहे."

"काका, आज तरी थापा नकोत," नर्सबाई म्हणाल्या.

"थापा? या डोळ्यांनी पाहिलंय! चांगला बोकडाएवढा ससा. दर शनिवारी पहाटे यायचा आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून पावलं मोजायचा. एकदा हिशेब चुकला, तर कान खाजवून पहिल्यापासून मोजलं पठ्ठ्यानं."

बेकरीवाल्याला हसू फुटलं. ओशाळून त्याने ते खोकल्यात लपवलं.

"पोरगी कशाला घासेल?" काका रंगात आले. "गरीब गाय ती. 'काका, तुमचं गवत दुखेल' म्हणत गोलमध्ये चवड्यांवर चालायची. माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही."

"काहीही!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटी खांब सोडून पुढे आली होती.

"ताई तुमच्या नाकावर टिच्चून घासायची! तुम्ही खुरपं घेऊन मागे धावायचात आणि ती दात काढत पळायची. खांबापासून पाच पावलं मोजायची, गर्रकन वळायची, मग उजवी टाच..."

"डावी," काका म्हणाले. "म्हणजे सशाची."

"उजवी!"

ती दोरीखालून आत शिरली. फुलं उचलून तिने नर्सबाईंच्या हातात दिली, रेघेवर टाच रोवली आणि कच्चकन घासली. मातीचं ढेकूळ उडून काकांच्या बुटावर आदळलं.

"अगं ए, माझं गवत!"

"बघितलंत ना सगळ्यांनी? म्हणे ससा!" धाकटी म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली.