चौथा ठोका

“काका, चौथा ठोका खाल्लास तू.” ग्वेननं तारांवर पंजा ठेवून गिटार गप्प केली.

“खाल्ला नाही, सोडला,” ड्रमच्या मागून मॅल्कम म्हणाला. “तो सोडायचाच असतो. तुझ्या बापाबरोबर बावन्न वर्षं सोडत आलोय. आज त्यालाच पोहोचवून आलो आणि तू मला शिकव आता!”

इंग्लंडातल्या टिप्टन गावच्या कामगार क्लबात, शेजारच्या हॉलमध्ये माणसं जमत होती. रेजला सकाळीच माती दिली होती. आता चहा, हॅमची सँडविचेस, बिअर, आणि मग रेजच्या बँडनं रेजचं लाडकं गाणं वाजवायचं, एवढंच उरलं होतं. बँड म्हणजे तरी काय, मॅल्कमचे ड्रम आणि रेजची गिटार. ती आज त्याच्या मुलीच्या गळ्यात होती.

गाणं दुसऱ्यांचं. एका छोट्या ग्रामोफोन तबकडीच्या मागच्या बाजूचं, संथ आणि जड, रेडिओनं कधी न लावलेलं. मधे ड्रमचे ठोके, हातोडा पडावा तसे. एक, दोन, तीन, आणि चौथा यायच्या आत गाणं पुढे. त्या गिळलेल्या ठोक्यावर मॅल्कमचा जीव होता. लोखंडाच्या ओतशाळेतला अख्खा जन्म त्यानं त्याच्या आधारावर काढला होता. भेटेल त्याला ऐकवायचा, “बोटं पळवणारे गिटारवाले पैशाला पासरी मिळतात. दोन्ही पायांनी घोडदौड करणारे ड्रमरही पुष्कळ. पण ऐन भरात ठोका गिळून उडी मारायची छाती या गाण्यातल्या ड्रमरचीच!” रेज शेजारी बसून मान डोलवायचा.

ग्वेननं फोन काढला. “बाबानं सांगून ठेवलंय, मी गेल्यावर सांग म्हणून. जिवंतपणी नाही जमलं म्हणाला.”

तिनं मूळ गाणं लावलं. एक. दोन. तीन. चार.

“परत लाव,” मॅल्कम म्हणाला.

तिनं परत लावलं. चारच.

“कुणीतरी नंतर सुधारलंय हे.”

“नाही रे काका. तुझ्या तबकडीवर ओरखडा होता. सुई तिथून उडायची. बाबाच्याच हातून घसरली होती, तू कामावर होतास तेव्हा. तो सांगणारच होता तुला. पण तू आलास, तबकडी लावलीस, आणि त्या जागी ताडकन उठलास. ‘ऐकलंस का रेज? गिळला त्यानं, गिळला!’ तुझं तोंड बघून बाबाची जीभच रेटेना.”

मॅल्कमच्या हातातल्या काठ्या मांडीवर आल्या.

“आणि इतकी वर्षं?”

“घरी माझ्याबरोबर चारच वाजवायचा. शुक्रवारी क्लबात निघताना गिटार उचलायचा आणि म्हणायचा, चला, आता तीन.”

मॅल्कमला आधी संताप आला. ज्या करामतीपुढे जन्मभर हात जोडले ती कुठल्या थोर ड्रमरची नव्हतीच, रेजच्या वेंधळ्या हाताची होती. चांगला झापायला हवा होता त्याला. बिअरचा ग्लास त्याच्या डोक्यावर ओतायला हवा होता. ते आता कधीच जमणार नव्हतं, हे ध्यानात आलं आणि सकाळी थडग्यापाशी न आलेलं रडू त्याला इथे आलं. ग्वेन भिंतीकडे बघत उगाच तारा जुळवत राहिली.

“गाढव,” तो शेवटी म्हणाला. “एका शब्दानं बोलला असता तर मी काय मेलो असतो?”

“तो म्हणायचा, मॅल त्या एका ठोक्यावर जगतो.”

हॉलमधून कुणीतरी दार वाजवलं. सगळे वाट बघत होते.

“मग? तीन की चार?” ग्वेननं विचारलं.

मॅल्कमनं बाहीला नाक पुसलं. “चार. माझ्यापायी जन्मभर चुकीचं वाजवलं बिचाऱ्यानं. आज त्याच्यासाठी नीट वाजवू.”

हॉल खच्चून भरला होता. अर्धी ओतशाळा तिथे होती, बायकापोरांसकट. हे गाणं त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकलंच नव्हतं, या दोघांकडूनच त्यांना पाठ झालं होतं. ठोक्यांची जागा आली तसे सगळ्यांचे हात टेबलांवर आले. एक. दोन. तीन. आणि सगळा हॉल एका दमात पुढची ओळ गाऊ लागला.

मॅल्कमचा चौथा ठोका त्या आवाजाच्या मधोमध पडला. ग्वेनची गिटार त्याच्याबरोबर होती. गाणारे अडखळले, एकमेकांकडे बघू लागले, कुणी हसलं.

“चुकलास की रे मॅल!” पहिल्याच टेबलावरून म्हातारा सिरिल ओरडला. तीस वर्षं ओतशाळेत तो मॅल्कमच्या शेजारी उभा राहिला होता.

मॅल्कमनं हो म्हणून मान हलवली आणि वाजवत राहिला.

“असू दे,” सिरिल डोळे पुसत शेजारणीला म्हणाला. “रेज असता तर त्यानं सांभाळून घेतलं असतं.”