उजवा हातमोजा

चंद्राला वळसा घालून कंपनीचं नवं महाकाय रॉकेट सुखरूप परतलं होतं. या फेरीला आत माणसाऐवजी अंतराळपोशाख घातलेली रबरी बाहुली होती. पुढच्या फेरीला तिच्या जागी तोच पोशाख घालून, तो शिवणाऱ्या बाईंची लेक बसणार होती. तपासणीसाठी बाईंनी बाहुलीचा उजवा हातमोजा उलटा केला. चार बोटांच्या टोकांशी अस्तर नखांनी ओरबाडल्यासारखं फाटलं होतं. “घासलं असेल गं, आई. पास करून टाक,” लेक म्हणाली. “तू अडवलंस तर माझी जागा दुसरीला देतील.” “बाहुलीला नखं कुठे असतात?” “मग काय भूत जाऊन आलं?” बाईंना हसू आलं नाही. अंगठ्यापाशी मात्र अस्तर शाबूत होतं. त्यांनी लेकीचा उजवा हात ओढून घेतला. लहानपणी दारात चेंगरल्यापासून त्या हाताच्या अंगठ्याला नख नव्हतं. “नापास,” बाई म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी सोडला नाही.