कॉन्चेत्ताची दृष्ट

"आजच शिकायचं. उद्या सांगितलं तर त्यातली शक्ती जाते," कॉन्चेत्ता म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

शीलाताई बेसमेंटच्या पायरीवरच थबकल्या. शेजारणीला मेरी ख्रिसमस म्हणायचं, चिवड्याचा डबा द्यायचा आणि पाच मिनिटांत घरी पळायचं, एवढाच त्यांचा बेत होता. रिचमंड हिलला साडेचारलाच अंधार पडला होता आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ अजून शोव्हल करायचा होता. पण कॉन्चेत्ताच्या घरात शिरलं की सुटका नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं!

कॉन्चेत्ता मूळची कालाब्रियाची, म्हणजे इटलीच्या पार खालच्या टोकाची. वरचं चकचकीत स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला, खरा संसार खाली बेसमेंटमध्ये. तिथे आत्ता खारवलेला मासा टबात भिजत होता. ताटात बटाटा घालून तळलेल्या कड्यांची रास होती, दिसायला थेट मेदूवडे. एवढं सगळं कुणासाठी? थोरली मुलगी मॉन्ट्रियलला सासरी, धाकटी नवऱ्याबरोबर क्रूझवर. पण सणाचं म्हणून केलेलं होतं सगळं.

"काय शिकायचं?" शीलाताईंनी विचारलं.

"मालोक्यो. कुणी जळून बघितलं की लागतो तो डोळा. तो काढायचा."

"दृष्ट म्हणा की सरळ!"

कॉन्चेत्ताने खुर्ची ओढून त्यांना बसवलं. बशीत पाणी घ्यायचं, वर तेलाचे थेंब सोडायचे. थेंब पसरले तर दृष्ट लागलेली, गोल राहिले तर नाही. मग बोटाने क्रॉस काढत प्रार्थना म्हणायची. ती प्रार्थना नाताळच्या आदल्या दिवशीच द्यायची, बाईने बाईला. आणि आपली आपल्याला दृष्ट काढता येत नाही.

"माझी रोझिना काढायची," ती म्हणाली. रोझिना तिची धाकटी बहीण, एप्रिलमध्ये गेली. "तेव्हापासून डोकं दुखतंय."

"बीपीची गोळी घेताय ना?"

"हे गोळीचं दुखणं नाही, शीला."

"मुलींना शिकवा मग."

"त्या हसतात." कॉन्चेत्ता बशी पुसत राहिली. "पुढच्या नाताळला मी असेन की नाही, कुणाला ठाऊक. तू नाही शिकलीस तर संपलं. माझी काढायला कुणीच नाही."

शीलाताई हसल्या नाहीत. कशा हसतील? गेल्या रविवारी त्यांनीच दूर बर्नाबीला राहणाऱ्या नातीची दृष्ट काढली होती, आयपॅडवरून! मीठ-मोहरीची मूठ स्क्रीनभोवती फिरवली, तर गौरांगी ओरडली, "आजी, यू आर ब्लॉकिंग द कॅमेरा!" मोहरी तव्यावर टाकली आणि स्मोक अलार्म बोंबलला. सगळे खो खो हसले, शीलाताईही हसल्या. पण त्या कपाळावरून एकदा हात फिरवायला मिळावा म्हणून जीव नुसता तुटत होता.

"सांगा," त्या म्हणाल्या.

प्रार्थनेचे शब्द इथे सांगता यायचे नाहीत, तशी शपथच आहे. कॉन्चेत्ताने ते कानात सांगितले, अगदी गावाकडच्या बोलीत. अथर्वशीर्ष पाठ असलेल्या बाईला चार ओळींचं काय मोठंसं? तिसऱ्या खेपेला शीलाताईंनी घडाघडा म्हणून दाखवलं. कॉन्चेत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता माझी काढ."

"पण तो क्रॉस काढतात, तो मला..."

"तुला येतं तसं कर. देवाला कळतं."

कॉन्चेत्ताने चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली. शीलाताईंनी बशी तिच्यावरून ओवाळली, टेबलावर ठेवली आणि ओठातल्या ओठात पुटपुटत बोटाने तेल सोडलं. एक थेंब. दुसरा. तिसरा.

थेंब गोल राहिले. साबुदाण्यासारखे टपोरे, पाण्यावर निवांत तरंगत.

शीलाताईंनी थोडं थांबून पाहिलं. काही हलेना. म्हणजे दृष्ट नाही. चांगलंच की! असं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. म्हणजे या बाईकडे वर्षभरात कुणी जळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. कुणी पाहिलंच नव्हतं.

"काय दिसतंय?" डोळे मिटूनच कॉन्चेत्ताने विचारलं. आवाजात केवढी आशा होती.

शीलाताईंनी बोट बशीत घातलं आणि भराभर फिरवलं.

"अगंबाई! पसरलं की हो सगळं! केवढी मेली दृष्ट लागलीय तुम्हाला!"

"खरंच?"

"मग! बघा ना!"

कॉन्चेत्ताने डोळे उघडले, चष्मा लावला आणि बशीवर वाकली. पाणी अजून गोल गोल फिरत होतं. तिने बशीकडे पाहिलं. मग शीलाताईंच्या बोटाकडे पाहिलं. त्याच्यावरून पाणी ठिबकत होतं.

शीलाताईंना कुठे तोंड लपवावं कळेना.

कॉन्चेत्ताने त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. एप्रनच्या टोकाने ते बोट सावकाश पुसलं, नखाच्या कडेपर्यंत.

"फार मोठी लागलीय," ती म्हणाली. "एका दिवसात जायची नाही. उद्या यावं लागेल तुला."