दोरीचं दुसरं टोक

दवाखान्यातून मैदानवाला एकटाच परत आला. बायकोच्या चपला त्याच्या हातातल्या पिशवीत होत्या. मैदानाच्या फाटकावर नगरपालिकेचा कागद चिकटवलेला होता : या महिन्यापासून मैदानाचा खर्च बंद. वस्तीला दोन्ही बातम्या एकाच दुपारी कळल्या.

काही दिवसांनी नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले. ट्रॅकच्या रेघा पुसून गेल्या होत्या. "रविवारी शाळांच्या शर्यती आहेत," साहेब म्हणाले. "इथे झाल्या तर खर्च पुन्हा सुरू करू. नाहीतर इथे गाड्या उभ्या करायचं ठरतंय."

रेघा मारणं हे नवराबायको दोघांचं काम होतं. सरळ रेघ सोपी. वळणाची अवघड. मधोमध बायको दोरीचं टोक धरून उभी राहायची. दुसरं टोक धरून तो चुना सोडत तिच्याभोवती चालायचा. एक रेघ झाली की दोरी थोडी वाढवायची आणि पुढची मारायची. दर रेघेआधी तो ओरडायचा, "धरलंस का?" ती ओरडायची, "धरलंय! चला!" मैदानाभोवतीच्या इमारती त्या आवाजानेच जाग्या व्हायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई धाडकन खिडकी लावून घ्यायच्या. बेकरीवाला म्हणायचा, "लागला फिरायला घाण्याचा बैल!"

"बैल माझा आहे. तुम्ही तुमचे पाव बघा, करपतायत," बायको तिथूनच सुनवायची.

शनिवारी उजाडताना तो मैदानात उतरला. धुकं होतं. कोपऱ्यातल्या खोलीतून त्याने लोखंडी खुंटी आणली, मधोमध ठोकली आणि तिला दोरी बांधली. गोणीत थोडाच चुना उरला होता. दोरीचं टोक घेऊन तो लांब गेला, दोरी ताणली आणि सवयीने ओरडला,

"धरलंस का?"

मग त्याला आठवलं. खुंटी काही बोलत नाही. तो तसाच उभा राहिला. पाय उचलेना.

वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"धरलंय! चला!"

मास्तरीणबाईंचा आवाज. तो वर बघतो तोच बेकरीतून आवाज आला, "धरलंय!" मग समोरच्या गच्चीवरून. मग मागून, डावीकडून, धुक्यात न दिसणाऱ्या खिडक्यांमधून. बायकांचे, माणसांचे, झोपेतून उठलेल्या पोरांचे आवाज. ज्यांची नावंही त्याला माहीत नव्हती, त्यांना ते शब्द पाठ होते. त्याच्या अंगावर काटा आला. तो चालायला लागला.

पुढच्या रेघेला त्याने तोंड उघडायच्या आत चहूकडून "धरलंय!" आलं.

तिसऱ्या रेघेत चुना संपला. बेकरीवाला डोक्यावर गोणी घेऊन आला. "घर रंगवून उरलाय. नगरपालिका इतके दिवस चुना द्यायची, आता लावून गेली." मग कोणी बादली आणली, कोणी डबा. कोणाच्या चुन्यात नीळ होती, कोणाच्यात पिवळा रंग. एक रेघ पांढरी, एक निळसर, एक पिवळट अशी वळणं उमटत गेली. लोक कडेने उभे राहून बघत होते. मधल्या खुंटीजवळ मात्र कोणी गेलं नाही. तिथे एका माणसापुरती जागा सगळ्यांनी न सांगता सोडली होती.

मास्तरीणबाई काठी टेकत खाली आल्या. खुंटीकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या भुवया चढल्या.

"काय रे, खुंटीने भागत होतं तर तिला इतकी वर्षं उन्हात कशाला उभी केलीस?"

"मी नाही केली, बाई. खुंटी हरवली म्हणून तीच उभी राहिली. हरवली कसली, तिनेच खोलीतल्या पिंपामागे लपवून ठेवली होती."

"अगं बाई! आणि तुला आज सापडली?"

त्याने दोरी वाढवून पुन्हा गाठ मारली.

"आज नाही. पहिल्याच वर्षी सापडली होती. होती तिथेच ठेवून दिली."

त्याने चुन्याची बादली उचलली. सगळ्यात बाहेरची रेघ अजून मारायची होती.