दोन्ही कप्प्यांतली हव्वाबी

स्क्रीनवर लाल ओळ उमटली तेव्हा अडीच वाजले होते आणि डेमो तीनला होता. तहसीनने कपाळाला हात लावला.

अबूधाबीच्या एका हॉस्पिटलसाठी ती कॉम्प्युटरला नाती शिकवत होती. कोण कोणाचं काय लागतं आणि ते नातं कुठल्या प्रकारात मोडतं. रक्ताची नाती एका कप्प्यात, लग्नाची दुसऱ्या. एकच माणूस दोन्हीकडे सापडला तर नोंद चुकली, असा नियम तिनेच मोठ्या हुशारीने लिहिला होता. तपासायला म्हणून घरचीच नावं भरली, आणि गाडी हव्वाबीवर अडली. हव्वाबी तिच्या आईची सख्खी बहीण, म्हणजे तिची खाला होती आणि सहा महिन्यांपासून तिची सासूही.

"एक नातं डिलीट मार," तिचे बॉस प्रकाश सर फोनवर म्हणाले. "यल्ला तहसीन, आटप लवकर, टाइम नाहीये."

हव्वाबी सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसली होती. रत्नागिरीहून दुबईत अल बर्शाला येऊन तिला पंधरा दिवस झाले, पण ती एकदाही ओरडली नव्हती, की तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. लहानपणी तिच्याच हातचे धपाटे खाल्लेली तहसीन या अदबीने हैराण झाली होती. सासू मिळाली होती, पण खाला हरवली होती.

"अम्मी," तिने सासूला हाक मारली, "मशीन विचारतंय. तुम्हाला सासू ठेवू की खाला?"

हव्वाबी सोफ्यावर जराशी पुढे सरकली. "तुझ्या आईने बजावलंय. तहसीन आता तुझी सून आहे, भाचीवर रागावायचीस तशी रागावू नकोस, तिला वाईट वाटेल." मग हळूच म्हणाली, "पण बेटा, तुझं कालवण फार पातळ असतं."

तहसीनला हसू आवरेना. "मग पंधरा दिवस तोंड शिवून का बसलीस, खाला?"

ती स्क्रीनकडे वळली. नातं तसंच ठेवलं आणि आपला नियमच पुसून टाकला. लाल ओळ गेली.

"सर," ती फोनवर म्हणाली, "नोंद बरोबर होती. नियम चुकला होता. खलास केला."

तेवढ्यात स्वयंपाकघरात झाकणं आपटली. "गधडे, हा नारळ फ्रीजमध्ये कुणासाठी जपून ठेवलायस? मी मेल्यावर वाटणार आहेस का?"

"कोण ओरडतंय गं तुझ्याकडे?" प्रकाश सरांनी दचकून विचारलं.

तहसीनला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"दोघी," ती म्हणाली.